वर्गणी नेमाने भरतेय, पण माझ्या आवडत्या कलाकारापर्यंत काय पोचतं?

सांजवेळ

गेली आठ वर्षं मी एका स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी भरतेय. एकही महिना चुकवलेला नाही. त्याआधी काय करत होते तेही सांगते. मित्रमैत्रिणींच्या पेनड्राइव्हवरून गाणी उतरवून घ्यायचे आणि कुणाला काही द्यावं लागतं हे मनातही यायचं नाही. वर्गणी सुरू केली तेव्हा फार बरं वाटलं. वाटलं, आता आपण ज्यांचं ऐकतो त्यांना त्यांचं मिळतंय.

मागचा अख्खा महिना मी जवळपास एकाच माणसाचं ऐकलं. बासरीवादक आहेत, फार लोकांना माहीत नाहीत. रात्री दिवा मालवला की त्यांचा एकच अल्बम. त्यातल्या चौथ्या ट्रॅकमध्ये एका ठिकाणी त्यांनी घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि त्या श्वासानंतर जो स्वर लागतो त्यासाठी मी तो ट्रॅक पुन्हा पुन्हा लावायचे. राहवेना म्हणून त्यांना निरोप पाठवून आभार मानले. त्यांचं उत्तर आलं, ‘हा अल्बम कुणीतरी इतकं लक्ष देऊन ऐकतंय हे वाचून डोळे भरून आले. पैशांचं म्हणाल तर त्यातल्या सातपैकी पाच ट्रॅकचे मला आजवर शून्य मिळाले आहेत.’

शून्य! मग माझी वर्गणी गेली कुठे? ते इथलेच सदस्य आहेत हे नंतर कळलं, आणि त्यांना विचारूनच हे लिहितेय. इथे गाणारे, वाजवणारे, पॉडकास्ट करणारे बरेच जण आहेत. मला तक्रारीचा धागा काढायचा नाही. हे सगळं चालतं कसं ते समजून घ्यायचं आहे, आणि समजल्यावर माझ्यासारख्या ऐकणाऱ्याने काय करायचं तेही.

पांथस्थ

वाचतोय. नेमका हाच प्रश्न मलाही पडला होता.

हिशोबनीस

सांजवेळ, आधी सरळ उत्तर देतो. तुमची वर्गणी वेगळी काढून तुमच्या बासरीवादकाकडे जात नाही.

मोठ्या सेवांमध्ये ‘एका स्ट्रीमला इतके पैसे’ असा ठरलेला दर नसतो. इंटरनेटवर जे दर फिरतात ते हिशोब झाल्यावर उलटा भागाकार करून काढलेले असतात. प्रत्यक्षात एका देशातल्या एका महिन्याच्या सगळ्या वर्गण्या एका हौदात जमा होतात, जाहिरातींचे पैसे बहुधा वेगळ्या हौदात. त्यातला ढोबळमानाने दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी जातो आणि बाकीचा सेवा ठेवते. मग त्या महिन्यात तिथे एकूण जेवढे स्ट्रीम झाले त्यात अमुक गाण्याचा वाटा किती, त्या प्रमाणात वाटप होतं.

समजा, हौदात दोघांच्याच वर्गण्या आहेत, तुमची आणि आणखी एकाची, सारख्याच रकमेच्या. तुम्ही महिन्यात १०० वेळा बासरी ऐकली. दुसऱ्याने दिवसरात्र काहीतरी चालू ठेवलं आणि त्याचे स्ट्रीम झाले ९००. एकूण १,०००. बासरीचा वाटा एक दशांश, म्हणजे दोन वर्गण्यांचा एक दशांश, म्हणजेच तुमच्या एका वर्गणीचा एक पंचमांश. तुम्ही महिनाभर दुसरं काहीही ऐकलं नाहीत, तरी तुमच्या पैशांचे चार पंचमांश तुम्ही कधीही न ऐकलेल्या लोकांकडे गेले.

शून्याचं कारण बहुधा वेगळं असावं. काही ठिकाणी किमान मर्यादा घातलेली आहे. उदाहरणार्थ, स्पॉटिफायने २०२४ च्या सुरुवातीपासून नियम केला की मागच्या १२ महिन्यांत ज्या ट्रॅकला १,००० स्ट्रीम मिळाले नाहीत त्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीत वाटा नाही. ते पैसे सेवा ठेवत नाही, मर्यादा ओलांडलेल्या बाकीच्या ट्रॅकमध्ये ते वाटले जातात. नियमामागचं कारण असं दिलं जातं की इतक्या कमी स्ट्रीमची रक्कम किरकोळ असते, ती मधल्या वितरकाकडेच (कलाकाराची गाणी सेवांवर चढवणाऱ्या कंपनीकडे) अडकून पडते आणि कलाकाराच्या हाती तशीही येत नाही. त्यात तथ्य आहे. पण ज्याची सगळीच गाणी त्या रेषेच्या खाली आहेत त्याच्यासाठी किरकोळ आणि शून्य यांत फरक असतो.

सांजवेळ

चार पंचमांश. हे मी दोनदा वाचलं, मग वहीत आकडे मांडून पाहिले. बरोबर आहे.

हिशोबनीस, मनापासून आभार. आठ वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

कानसेन

उत्तम धागा. थोडी भर घालतो.

‘ज्याचं ऐकलं त्यालाच त्या ऐकणाऱ्याचे पैसे’ ही पद्धत फक्त कल्पनेत आहे असं नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी ती सुरू केली. डीझर ही फ्रेंच सेवा २०२३ मध्ये युनिव्हर्सल या मोठ्या रेकॉर्ड कंपनीबरोबर थोड्या वेगळ्या वाटेने गेली. महिन्याला निदान ५०० वेगवेगळ्या श्रोत्यांकडून १,००० स्ट्रीम मिळवणाऱ्या कलाकाराचं वजन तिथे दुप्पट धरलं जातं, आणि श्रोत्याने स्वतः शोधून लावलेल्या गाण्याचंही वजन वाढवतात. पावसाचे आवाज, पंख्याची घरघर असल्या ट्रॅकना त्या हौदातून वगळलं.

पण यावर फार आशा ठेवू नका, असंही सांगतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२१ मध्ये सेवांचा खरा डेटा घेऊन हा हिशोब करून पाहिला होता. पद्धत बदलली तर अगदी वरच्या दहा कलाकारांचा वाटा कमी होतो हे खरं निघालं. पण तळाकडच्या कलाकारांना जे वाढून मिळालं असतं ते वर्षाला काही युरो इतकंच होतं. मूळ रक्कमच इतकी लहान आहे की वाटणी कशीही केली तरी ती लहानच राहते.

तरीही वाटणी बदलावी असं मला वाटतं. पैसे थोडेच वाढतील, पण आपण ज्याला दिले त्यालाच ते मिळाले एवढं तरी खरं होईल.

फुंकर

सांजवेळताईंनी लिहिलेला बासरीवाला मीच. लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

आधी हे सांगतो की मला कुणावर राग काढायचा नाही. मी अल्बम काढला तेव्हा तो कुठल्याही कंपनीकडे न जाता एका वितरकामार्फत दीडदोनशे देशांत एकाच दिवशी उपलब्ध झाला. माझ्या गुरुजींच्या आयुष्यात एकच रेकॉर्ड निघाली, तीही कंपनीच्या माणसाला वेळ मिळाला तेव्हा. त्यामुळे मला जे मिळालं त्याची किंमत मी जाणतो.

आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका ट्रॅकचे आकडे अचानक वाढायला लागले. रोज पाचसहा स्ट्रीम असायचे, ते एका आठवड्यात चार हजारांवर गेले. मी घरच्यांना बोलावून आलेख दाखवला. मग नीट पाहिलं तेव्हा दिसलं की सगळे स्ट्रीम एकाच प्लेलिस्टवरून येताहेत, त्या प्लेलिस्टचं नाव म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी, आणि प्रत्येक जण बरोबर एकतीस-बत्तीस सेकंद ऐकून पुढे जातोय. तीस सेकंदांनंतर स्ट्रीम मोजला जातो हे इथल्या वादकांना माहीत असेलच. कुणीतरी यंत्राकरवी स्वतःची गाणी वाजवत होतं आणि संशय येऊ नये म्हणून मधेमधे आमच्यासारख्यांची गाणी पेरत होतं.

मी स्वतःहून वितरकाला कळवलं. उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी एक ठरावीक साच्याचं पत्र आलं, ‘आपल्या ट्रॅकवर कृत्रिम स्ट्रीमिंग आढळल्याने तो काढण्यात येत आहे.’ दंडाची रक्कम माझ्या खात्यातून वळती झाली होती. मी आधी पाठवलेलं पत्र जोडून दाद मागितली, तर पुन्हा तेच साच्याचं पत्र. ज्या ट्रॅकसाठी मी सहा महिने पहाटे रियाज केला होता तो फसवणुकीच्या शिक्क्याखाली गेला, आणि मी फसवणूक केलेली नाही हे ऐकून घेणारं समोर एक माणूसही नव्हतं.

ट्रॅक मी नव्याने चढवला. जुने आकडे गेले, ज्यांनी तो आपल्या यादीत ठेवला होता त्यांच्या यादीतून गेला. सांजवेळताई ज्या श्वासाबद्दल लिहितात तो याच ट्रॅकमधला. ध्वनिमुद्रकाने तो काढू का विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे.

पांथस्थ

फुंकर, वाचून खूप वाईट वाटलं. दाद मागायला निदान एक माणूस तरी हवा.

नवा_सूर

फुंकरदादांबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो.

मी घरी बसून संगीत करतो, पूर्णपणे संगणकावर. माझ्या ओळखीत या क्षेत्रातलं कोणी नव्हतं. कॅसेट-सीडीच्या काळात माझं गाणं कुणी दारातही उभं केलं नसतं. आज माझ्या पानावर मला दिसतं की माझं ऐकणारे सगळ्यात जास्त लोक ज्या शहरांत आहेत तिथे मी आयुष्यात गेलेलो नाही. त्यातल्या एकाने मला त्याच्या लघुपटासाठी पार्श्वसंगीत मागितलं. वर्षभराच्या स्ट्रीमिंगच्या सगळ्या पैशांपेक्षा त्या एका कामाचे जास्त मिळाले, हे खरं. पण स्ट्रीमिंग नसतं तर त्याला मी सापडलोच नसतो.

जुना काळ फार चांगला होता असं म्हणणाऱ्यांना १९९९ ची आठवण करून देतो. त्या वर्षी नॅपस्टर आलं, लोक एकमेकांच्या संगणकांवरून गाणी फुकट उतरवायला लागले आणि पुढची दहापंधरा वर्षं रेकॉर्डिंगचा धंदा घसरतच गेला. सांजवेळताईंनी पेनड्राइव्हचं लिहिलंच आहे. स्पॉटिफाय २००८ मध्ये सुरू झालं ते या फुकट उतरवण्याशी स्पर्धा करायला. आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरात रेकॉर्डेड संगीताची उलाढाल २९.६ अब्ज डॉलर होती आणि त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग स्ट्रीमिंगचा. पैसा परत आला आहे. तो कुणापर्यंत जातो यावर भांडूया, पण स्ट्रीमिंगच नको असं म्हणून चालणार नाही.

हिशोबनीस

नवा_सूर, उलाढालीचं बरोबर आहे. पण ‘कुणापर्यंत’ यातच सगळं आलं.

स्ट्रीमिंगमध्ये दोन वेगळे हक्क असतात. एक रेकॉर्डिंगचा, दुसरा मूळ रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. ब्रिटनच्या संसदीय समितीने २०२१ च्या जुलैमध्ये यावर सविस्तर अहवाल दिला. त्यात ढोबळ वाटणी अशी होती: ३० टक्के सेवेला, ५५ टक्के रेकॉर्डिंगच्या बाजूला, १५ टक्के रचनेच्या बाजूला. ५५ मधलं गायकाला किती, हे त्याच्या कंपनीशी झालेल्या करारावर. करार कॅसेटच्या काळातला असेल तर छपाई, वाहतूक आणि फुटलेल्या मालाची वजावट गृहीत धरून ठरवलेली टक्केवारी आजही चालू असते. आता फुटायला माल कुठे आहे? समितीने ही सगळी व्यवस्था मुळापासून बदलण्याची गरज असल्याचं म्हटलं होतं.

आणि स्टुडिओत एक दिवस जाऊन व्हायोलिन वाजवून येणाऱ्या वादकाला स्ट्रीमिंगमधून सहसा काहीच मिळत नाही. तेच गाणं रेडिओवर वाजलं तर अनेक देशांत मिळतं.

शब्दवेल्हाळ

त्या १५ टक्क्यांच्या बाजूची मी. गीतं लिहिते.

पैशांबद्दल इतरांनी लिहिलं आहे, मी नावाबद्दल लिहिते, कारण मला जास्त दुखतं ते तिथे. कॅसेटच्या आत घडी घातलेला कागद असायचा. गीतकार, संगीतकार, संयोजक, कोणी काय वाजवलं, ध्वनिमुद्रण कोणी केलं. लहानपणी मी गाणं ऐकताना तो कागद इतक्या वेळा उलगडला की घड्यांवर फाटला. मी लिहायला लागले ती त्या कागदावरची नावं वाचून. अमुक नाव असलं की शब्द चांगले असणार, हे मला त्यातून कळायचं.

आता गाणं लावलं की गायकाचं नाव दिसतं. माझं नाव पाहायला तीन ठिपके, मग खाली सरकायचं, मग ‘श्रेय’. स्पॉटिफायने गीतकार-निर्मात्यांची नावं दाखवायला सुरुवात केली तीच २०१८ मध्ये. त्याआधी तर नव्हतीच. आणि अजूनही चढवणाऱ्याने रकाना रिकामा सोडला तर रिकामाच. माझ्या एका गाण्यावर गीतकार म्हणून गायकाचंच नाव आहे. दुरुस्तीसाठी मी गायकाला सांगते, तो निर्मात्याला, निर्माता वितरकाला, वितरक सेवेला. दीड वर्ष झालं.

कुणी म्हणेल, नाव पाहतंय कोण. मी पाहायचे. म्हणून तर मी इथे आहे.

मध्यलय

ध्वनिमुद्रण आणि मास्टरिंग, म्हणजे गाणं बाहेर जाण्याआधी त्याच्या आवाजावरून फिरवायचा शेवटचा हात, हे माझं काम. शब्दवेल्हाळताई, तुमच्या कागदावर शेवटच्या ओळीत असायचो ते आम्ही.

एक चांगली गोष्ट नोंदवतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. सीडीच्या शेवटच्या काळात प्रत्येकाला आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठ्याने वाजायला हवं असायचं. मास्टरिंगला बसलं की निर्माता मागे उभा, ‘अजून लाउड.’ आवाज इतका दाबायचा की हळुवार जागा आणि जोराची जागा सारखीच ऐकू यायची. स्ट्रीमिंग सेवा आता सगळी गाणी जवळपास एका पातळीवर आणून वाजवतात. स्पॉटिफायवर ती पातळी आपणहून उणे १४ लफ्सच्या (LUFS, ऐकू येणारा आवाज मोजायचं एकक) आसपास असते. तुम्ही कितीही दाबून मोठं केलंत तरी ती सेवा त्याचा आवाज खाली आणते. त्यामुळे ‘दाबू नका, काही फायदा नाही’ हे मला आता आकडा दाखवून सांगता येतं. फुंकरचा श्वास ऐकू येतो त्याला हेही एक कारण आहे. वीस वर्षांपूर्वी तो चिरडला गेला असता किंवा स्वराइतकाच मोठा झाला असता.

दुसरी बाजू म्हणजे तीस सेकंदांची घाई. गाण्याच्या सुरुवातीचा वाद्यमेळ कापायला सांगतात. हे सगळं स्ट्रीमिंगमुळेच असं मी म्हणणार नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका संशोधकाने १९८६ ते २०१५ मधली अमेरिकेतली लोकप्रिय गाणी मोजली, तर सुरुवातीचं वादन सरासरी वीसेक सेकंदांवरून पाचेक सेकंदांवर आलेलं दिसलं, म्हणजे घसरण आधीपासूनच होती. पण आता तिला पैशांचं कारण मिळालं. दोन मिनिटांचं गाणं आणि चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल, दोन्ही एक-एक स्ट्रीम. मग काही जण लांब वादनाचे चारचार तुकडे करून चढवतात. मला ते करायला सांगितलं की माझा हात चालत नाही. कुठे कापू? जिथे कापेन तिथे काहीतरी चालू असतं.

ध्वनीफीत

पॉडकास्टच्या बाजूने लिहिते. आमचं दुखणं थोडं वेगळं आहे.

पॉडकास्टला स्ट्रीमप्रमाणे रॉयल्टी असा प्रकारच साधारणपणे नाही. जाहिरात मिळाली, श्रोत्यांनी मदत केली तर पैसे, नाहीतर पदरमोड. पण आमच्याकडे एक फार मोलाची गोष्ट होती आणि अजूनही आहे, आरएसएस फीड, म्हणजे एपिसोडची कुणालाही वाचता येणारी यादी. माझा एपिसोड माझ्या जागेवर ठेवलेला असतो, आणि कुठलंही अॅप ती फीड वाचून तो दाखवू शकतं. कुणाची परवानगी लागत नाही. एक अॅप बंद पडलं तर श्रोता दुसऱ्यात तीच फीड टाकून ऐकतो. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा माझे बरेच श्रोते तिथे होते. त्यांना यादी उचलून दुसरीकडे नेता आली. गाण्यांच्या सेवेत हे शक्य आहे का? तिथे तुमचा चाहता हा सेवेचा ग्राहक असतो. त्याचा पत्ता, त्याचं नाव तुम्हाला कधीच कळत नाही.

म्हणून २०१९-२० च्या सुमारास मोठ्या सेवांनी पॉडकास्ट विकत घेऊन ‘फक्त आमच्याकडेच’ अशी कुंपणं घालायला सुरुवात केली तेव्हा मला धास्ती वाटली होती. पुढे त्यातली बरीच कुंपणं निघाली. अमेरिकेतल्या जो रोगन यांचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रमसुद्धा २०२४ पासून पुन्हा सगळीकडे मिळतो. आता रेटा व्हिडिओचा आहे. व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी थेट त्या त्या सेवेवर चढवावा लागतो, माझ्या फीडमधून जात नाही. कुंपण दुसऱ्या दाराने परत येतंय असं मला वाटतं.

माझा स्वतःचा अनुभव. माझा पॉडकास्ट गाण्यांवरच आहे, चाल कशी बांधली हे उलगडून दाखवणारा. त्यात गाणं वाजवायचं तर रेकॉर्डिंग आणि रचना दोन्हींची परवानगी हवी, आणि माझ्यासारख्या एकट्या बाईला ती मिळवणं अशक्य आहे. एका सेवेने सोय दिली होती की तुमचं बोलणं आणि त्यांच्याकडची पूर्ण गाणी एकामागे एक लावा, कलाकाराला नेहमीसारखेच पैसे जातील. मी आनंदाने अठ्ठावीस एपिसोड केले. मग ती सोय बंद झाली. माझ्याकडे राहिली ती फक्त माझी वाक्यं, ‘आता ऐका, या ओळीवर चाल कशी वळते’, आणि पुढे शांतता. ते एपिसोड मी काढून टाकले. आता मी चाल स्वतः गुणगुणून दाखवते, तीही एकदोन ओळींपुरती.

कानसेन

ध्वनीफीत, ते अठ्ठावीसही एपिसोड मी ऐकले होते. तुम्ही गुणगुणता तेही ऐकतो.

कुणीतरी विचारेल म्हणून आधीच लिहितो, ‘मग कलाकार गाणी काढून का घेत नाहीत?’ काढलीत. रेडिओहेड बँडच्या टॉम यॉर्कने २०१३ मध्ये काही अल्बम काढून घेतले. टेलर स्विफ्टने २०१४ मध्ये स्पॉटिफायवरून सगळी गाणी काढली आणि २०१७ मध्ये परत आणली. नील यंगने २०२२ मध्ये एका पॉडकास्टमधल्या लशींबद्दलच्या चुकीच्या माहितीवरून काढली, तोही २०२४ मध्ये परतला. यातल्या स्विफ्टचं एक मला फार मोलाचं वाटतं. २०१५ मध्ये ॲपल म्युझिक सुरू होताना पहिले तीन महिने श्रोत्यांना फुकट आणि कलाकारांनाही शून्य असं ठरलं होतं. तिने जाहीर पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवसाच्या आत निर्णय फिरला.

एवढं वजन फुंकरकडे नाही. त्यांनी गाणी काढली तर कुणाला कळणारही नाही, फक्त सांजवेळताईंना कळेल. म्हणून हे कलाकारावर सोडून चालणार नाही, ऐकणाऱ्यांनी बोलायला हवं.

मध्यलय

शिवाय आता हौदात नवीन भोक पडलंय. डीझरने २०२५ च्या जानेवारीत सांगितलं की त्यांच्याकडे रोज सुमारे १०,००० ट्रॅक पूर्णपणे एआयने केलेले येतात. सप्टेंबरपर्यंत तो आकडा ३०,००० झाला होता, रोज येणाऱ्या संगीताच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. लोक ते फारसे ऐकत नाहीत, पण त्यांच्यावर जे स्ट्रीम होतात त्यातले बरेचसे यंत्राने केलेले असतात, असंही त्यांनीच म्हटलंय. हिशोबनीसांचं गणित पुन्हा वाचा. खोटा प्रत्येक स्ट्रीम त्याच हौदातून पाणी काढतो.

स्पर्शलिपी

धागा पूर्ण ऐकला. मला दिसत नाही, स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. इथे ऐकणाऱ्यांपैकी माझ्यासारखं कुणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो.

शब्दवेल्हाळताई, तो घडीचा कागद माझ्यासाठी नेहमीच कोरा होता. कॅसेट कुठली हे मी डबीवरचा ओरखडा चाचपून ओळखायचो. मला हवं ते गाणं दुसऱ्याने लावून द्यायचं, आणि त्याला घाई असेल तर नाही लावायचं. पहिल्यांदा फोनला तोंडी सांगून गाणं लावलं तेव्हा ते माझं मी लावलेलं पहिलं गाणं होतं. वय वर्षं एकतीस. त्या सेवेने संगीताचं कितीही वाईट केलं असलं तरी माझं हे चांगलं केलं, ते मी विसरणार नाही.

पण मध्ये एकदा अॅप बदललं. सकाळी उघडलं तर स्क्रीन रीडर म्हणतोय, ‘बटण. बटण. बटण. बटण.’ कुठल्याच बटणाला नाव नाही. कुठलं पुढे नेतं, कुठलं यादीतून काढून टाकतं, काही कळेना. चाचपडत दाबताना माझी सहा वर्षं जमवलेली यादी पुसली गेली. मी लिहून कळवलं. चार महिन्यांनी नावं परत आली, यादी आली नाही. त्या चार महिन्यांत मला कळलं की यातलं काहीच माझं नव्हतं.

सांजवेळ

सगळे प्रतिसाद मी छापून घेतले आहेत. स्पर्शलिपी, तुमचा तर फार वेळ मनात राहिला.

मी काय केलं ते सांगते. वर्गणी बंद केलेली नाही. नवीन काही सापडतं ते तिथेच, फुंकरही तिथेच सापडले. पण महिन्याला एक अल्बम विकत घ्यायचं ठरवलंय, जिथे कलाकाराच्या हातात बराचसा भाग जातो अशा ठिकाणाहून. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतं. २०२० च्या २० मार्चला, टाळेबंदीत मैफली थांबल्यावर, त्यांनी एक दिवस आपला वाटा सोडून दिला होता आणि पुढे तसे शुक्रवार पाळत आले. त्यांची मालकी मधल्या काळात दोनदा बदलली, २०२३ मध्ये निम्म्या लोकांना काढलं, तेव्हा तिथलंही कायमचं धरून चालता येणार नाही हे मला कळतं. म्हणून फाइल उतरवून माझ्याजवळ ठेवली. फुंकरांचा अल्बम काल घेतला.

हिशोबनीस

सांजवेळ, त्या एका खरेदीतून त्यांना जे मिळालं तेवढं स्ट्रीमिंगमधून मिळायला तुम्हाला तो अल्बम शेकडो वेळा ऐकावा लागला असता.

सांजवेळ

ते तर ऐकणारच आहे.

फाइल उघडली तर आत एक चित्र निघालं, हाताने लिहिलेला कागद. तानपुरा कोणी धरला, तबल्यावर कोण, ध्वनिमुद्रण कोणी केलं, बासरी कोणी बनवली. बासरी बनवणाऱ्याचं नाव मी पहिल्यांदाच कुठे वाचलं. शब्दवेल्हाळताई, तुमची आठवण झाली.

शब्दवेल्हाळ

बासरी बनवणाऱ्याचंही! फुंकर, जीते रहो.

स्पर्शलिपी

फुंकर, मीही घेतला. वादनाबद्दल सावकाश लिहीन, अजून दुसऱ्याच ट्रॅकवर आहे.

एक विनंती. तो कागद चित्र असल्यामुळे स्क्रीन रीडर फक्त ‘प्रतिमा’ म्हणतो आणि पुढे जातो. तीच नावं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये देता येतील का? बासरी कोणी बनवली ते मलाही वाचायचं आहे.

फुंकर

हे माझ्या डोक्यातच आलं नाही, माफ करा. आत्ता टाईप करतोय. प्रत्येक ट्रॅकखाली नावं वेगळी देतो, म्हणजे कुठल्या ट्रॅकला कोण आहे ते शोधावं लागणार नाही. रात्री पुन्हा चढवतो. तुम्ही घेतलेला अल्बम तिथूनच परत उतरवून घ्या, पैसे लागणार नाहीत.

चौथ्या ट्रॅकची बासरी वेगळी आहे, ती माझ्या गुरुजींची. तेही लिहितो.